थंडीत नदीवरचा ट्राउट : साउथ प्लॅट, बारीक माश्या आणि चार अंशाचं पाणी

उंबरकाठी

कोलोरॅडोतल्या डेन्व्हर आणि आसपासची बरीच मराठी मंडळी उन्हाळ्यात फ्लाय रॉड (नकली माशीने मासा धरायची काठी) बाहेर काढतात आणि दिवाळी झाली की गॅरेजमध्ये टांगून ठेवतात. मला हे उलटं वाटतं. उन्हाळ्यात ट्राउट नदीभर पसरलेला असतो. उथळ खळाळात, काठाच्या गवताखाली, दगडाच्या आडोशाला, कुठेही. त्यात जूनमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळून पाणी चढलेलं आणि गढूळ. जानेवारीत पाणी कमी आणि नितळ असतं, आणि मासा ठरावीक जागीच बसलेला असतो. शिकणाऱ्याने थंडीतच सुरुवात करावी असं माझं मत आहे, म्हणून हा धागा.

ठरावीक जागीच का, ते आधी. ट्राउट थंड रक्ताचा. पाणी साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस असलं की तो सर्वांत चपळ. २० च्या वर गेलं की त्याची दमछाक होते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आणि पाणी ४-५ अंशांवर उतरलं की त्याचं सगळं शरीरच मंदावतं. पचन मंद, भूक कमी. मग प्रवाहाशी झटून दोन घास मिळवणं त्याला परवडत नाही. तो खोल, संथ डोहात तळाशी जाऊन राहतो आणि तोंडासमोरून जे वाहत जाईल तेवढंच घेतो. खातो रोज, पण खाण्यासाठी हातभर सुद्धा सरकत नाही. थंडीत तुमची फ्लाय त्याच्या नाकासमोरून, तळालगत, पाण्याच्याच वेगाने गेली पाहिजे. बाकी सगळं या एका गोष्टीसाठी.

आता नदी कुठली. मोकळ्या डोंगरी नद्या जानेवारीत कामाच्या नाहीत. काठाला बर्फाच्या कडा, पाण्यात बर्फाचा भुगा, आणि कडाक्याच्या रात्रीनंतर तर तळाच्या दगडांनाही बर्फ चिकटलेला. धरणाखालचा पट्टा मात्र वेगळा. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त, त्यामुळे जलाशय वरून गोठला तरी तळाशी साधारण ४ अंशांचं पाणी राहतं. धरणाच्या तळातून सोडलेलं हेच पाणी खाली काही मैल नदीला गोठू देत नाही. आमच्या साउथ प्लॅट नदीवर चीझमन धरण आहे, १९०५ साली पुरं झालेलं, २२१ फूट उंच, डेन्व्हरच्या नळाच्या पाण्यासाठी बांधलेलं. त्याच्या खालची चीझमन कॅन्यन आणि पुढे डेकर्स या वस्तीपर्यंतची नदी भर थंडीतही वाहती असते. आणखी वर, स्पिनी आणि इलेव्हन माइल या दोन जलाशयांमधला तुकडा आहे, त्याला लोक 'ड्रीम स्ट्रीम' म्हणतात. तिथे मासा मोठा, पण वारा असा की डोळ्यांत पाणी येतं.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो.

शेवाळ

पुण्यातून वाचतेय. मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचलं. एक शंका : एवढ्या थंडीत कीटक असतात तरी का? फ्लाय म्हणजे कीटकाची नक्कल ना? नक्कल कशाची करायची?

उंबरकाठी

@शेवाळ, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. बाकीचे बहुतेक कीटक थंडीत पाण्याबाहेर येत नाहीत, पण मिज येतात. दिसायला डासासारखे, पण चावत नाहीत. त्यांच्या अळ्या वर्षभर तळाच्या गाळात आणि शेवाळात (तुमच्या आयडीत नव्हे) राहतात. काही अळ्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. वाढ पुरी झाली की कोष होतो, कोषात वायू भरतो, आणि तो हळूहळू वर तरंगत येतो. साधारण अकराच्या पुढे, ऊन जरा वर आलं की हे सुरू होतं आणि तीनच्या सुमारास थांबतं. म्हणून थंडीत पहाटे उठून नदीवर जायची गरज नाही. घरी पोहे खाऊन निघालं तरी चालतं.

नक्कल मात्र बारीक हवी. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. थंडीत २० ते २४ नंबर चालतात. २२ नंबरचा गळ तांदळाच्या दाण्याहूनही लहान दिसतो. त्यावर दोरा आणि बारीक तार गुंडाळलेली, संपलं. 'ब्रासी' नावाची तांब्याच्या तारेची माशी याच साउथ प्लॅटवर १९६०च्या दशकात तयार झाली. मूळचे कोरियाचे रिम चंग यांची 'आरएस२' सुद्धा याच नदीची. दुपारी वारा नसेल आणि मिज पृष्ठभागावर घोळक्याने दिसायला लागले तर 'ग्रिफिथ्स नॅट'. मोराच्या पिसाचं अंग आणि भोवती कोंबड्याचं पीस. एक मिज दाखवायचा नसून घोळका दाखवायचा असतो, त्यामुळे ती जरा मोठी चालते. ट्राउट अनलिमिटेड ही संस्था १९५९ मध्ये मिशिगनात उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी जॉर्ज ग्रिफिथ यांचं नाव या माशीला आहे.

गरी_घेऊन_हिंडणारा

मालवणात लहानपणापासून गरवतो. जेटीवरून, खडकावरून, खाडीत. गरीला कोलंबी लावायची आणि बसायचं. तुमच्या या तांदळाच्या दाण्याला दोरी कसली बांधता? आणि दोन किलोचा मासा लागला तर?

उंबरकाठी

टोकाच्या बारीक दोरीला टिपेट म्हणतात. तिची जाडी सांगायची गंमत अशी : ११ मधून एक्सचा आकडा वजा करायचा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे ६एक्स म्हणजे ०.००५ इंच, जवळपास ०.१३ मिलिमीटर. थंडीत ६एक्स नाहीतर ७एक्स. पाणी नितळ असतं, जाड दोरी माशाला दिसते, आणि जाड दोरीला लावलेली बारीक माशी मोकळी वाहतही नाही.

दोन किलोचा लागला तर ओढायचा नाही. रॉड उंच धरून त्याला पळू द्यायचं, रीळ सुटू द्यायचं. थंडीत मासाही दमाने पळतो. ७एक्स तुटते ती बहुधा मासा लागताक्षणी हिसका दिल्यामुळे. तुमच्या जेटीवरचा झटका इथे चालायचा नाही :)

मांडणी सांगतो. वर लोकरीचा बारीक इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता गोंडा), खाली दोन माश्या, त्यांच्या वर इवलंसं वजन. वजन पुरेसं लावणं हे माशी कुठली यापेक्षा महत्त्वाचं. तळाला अधूनमधून टेकत नसेल तर अजून एक मणी वाढवा. लोक माश्या बदलत बसतात आणि वजन बदलत नाहीत. दुसरं, दोरी प्रवाहात आडवी पडली की माशीला ओढ लागते आणि ती पाण्यापेक्षा वेगाने जाते. उन्हाळ्यात मासा एखादवेळी तशीही धरतो. थंडीत तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही. त्यामुळे लांब फेकी नकोत. डोहाजवळ जा, रॉड उंच धरा, पाण्यावर कमीत कमी दोरी ठेवा. आणि इंडिकेटर बुडायची वाट बघू नका. तो जरा अडखळला, तिरका झाला, की उचला.

पानशेतचा_पाऊस

धरणातून पाणी अचानक सोडलं तर? आमच्याकडे विसर्ग वाढला की नदीपात्रात उतरू नका म्हणून भोंगे वाजतात.

उंबरकाठी

चांगला मुद्दा. इथेही विसर्ग क्युसेकमध्येच मोजतात. नदीवर जागोजागी मापक आहेत आणि त्यांचे आकडे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दिवसभर दिसतात. घरून निघण्याआधी ते बघणं हा नियमच समजा. थंडीत चीझमनखाली विसर्ग कमी असतो, कित्येकदा शंभर क्युसेकच्या आगेमागे. खडकवासल्यातून हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे ओढ्याएवढं वाटेल, पण माशांना पुरतं. विसर्ग स्थिर असला की मासे स्थिर. आदल्या रात्री तो वाढवला किंवा घटवला असेल तर मासे जागा बदलतात आणि अर्धा दिवस शोधण्यात जातो.

शेफील्डची_थंडी

इंग्लंडमधून लिहितोय. आमच्याकडे हे चालतच नाही. ब्राउन ट्राउटसाठी नद्या साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बंद, नेमक्या तारखा विभागानुसार. कारण उघड आहे, तो त्यांच्या विणीचा काळ. थंडीत आम्ही ग्रेलिंगच्या मागे जातो. तो ट्राउटचाच नातलग, पण वीण वसंतात, आणि नद्यांवर त्याचा हंगाम १६ जून ते १४ मार्च. पाठीवर शिडासारखा पंख, अंगाला ओव्याच्या जातीच्या थाइम वनस्पतीचा वास येतो म्हणतात, म्हणून शास्त्रीय नाव थायमॅलस. मला वास कधीच आला नाही, माशाचाच येतो. तंत्र मात्र तुमचंच : तळालगत, संथ.

मला खरंच विचारायचंय, कोलोरॅडोत ब्राउन ट्राउट विणीवर असताना मासेमारी चालू ठेवणं योग्य वाटतं का?

बंजारची_वाट

+१. हाच प्रश्न माझा. हिमाचलात तीर्थन खोऱ्यात मी बऱ्याचदा जातो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या नद्या बंद असतात. तीर्थन, सैंज, बरोटची उहल, रोहरूची पब्बर, सगळ्या. इथले कुणी 'डिसेंबरात मनालीला चाललोय, ट्राउट धरता येईल का' असं विचारणार असतील तर उत्तर नाही असंच आहे. मार्चनंतर मत्स्य विभागाचा परवाना काढून जा. काश्मीरमध्येही थंडीत बंद.

अवांतर : आपल्याकडचा ट्राउट हाही पाहुणाच. ब्रिटनहून पाठवलेली अंड्यांची खेप १८९९ मध्ये वाटेतच खराब झाली आणि १९०० मध्ये दुसरी काश्मीरला पोचली. कुल्लूत १९०९ मध्ये. निलगिरीत रेनबो ट्राउट, तोही त्याच दशकातला.

उंबरकाठी

@शेफील्डची_थंडी, @बंजारची_वाट, तुमच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. कायद्याने इथे बहुतेक नद्या वर्षभर खुल्या आहेत, आणि कायदा खुला आहे एवढ्यावर मी समाधान मानत नाही.

ब्राउन ट्राउटची वीण इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मादी शेपटीने वाळू-खडी उकरून खळगा करते, अंडी घालते, वरून खडी लोटते. त्या जागेला रेड म्हणतात. आजूबाजूचा तळ शेवाळाने काळपट आणि मध्येच ताटाएवढा ते परातीएवढा स्वच्छ, फिकट खडीचा तुकडा दिसला की समजायचं. विणीवरचे मासे उथळ पाण्यात उघडे दिसतात, त्यांना धरणं सोपं असतं, आणि ते धरणारे लोक इथे आहेत. मी त्यांना मासेमार म्हणत नाही. नोव्हेंबर मी पूर्ण सोडतो.

पण लोकांना जे लक्षात येत नाही ते पुढे. मासे डिसेंबरात डोहात परततात, अंडी मात्र खडीतच असतात. एवढ्या थंड पाण्यात ती फुटायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो, आणि फुटल्यावरही पिल्लं काही आठवडे खडीतच राहतात. म्हणजे जानेवारीत उथळ खडीवरून बूट घालून चाललात तर मासा न धरताही तुम्ही शेकडो मासे मारू शकता. थंडीत पाण्यात उतरायचंच नाही, उतरलात तर मोठ्या दगडांवरून, आणि डोहाच्या शेपटाकडच्या उथळ खडीवर पाय ठेवायचा नाही. मला तर वाटतं बंदी घालायची तर गळापेक्षा बुटावर घालावी.

तीर्थनसारखी छोटी नदी पूर्ण बंद ठेवतात ते मला पटतं. तिथे डोह आणि वीण यांच्यात अंतरच नसतं.

शेफील्डची_थंडी

बुटांचा मुद्दा मान्य. नोव्हेंबर सोडता हेही चांगलं. बाकी मी माझ्या मतावर आहे, पण भांडण नाही.

गरी_घेऊन_हिंडणारा

माझा प्रश्न राहिलाच. तो मासा खाता की नाही?

उंबरकाठी

चीझमन कॅन्यनमध्ये नाही. तिथे फक्त कृत्रिम माशी किंवा कृत्रिम आमिष, आणि प्रत्येक ट्राउट परत सोडायचा असा नियम आहे. इतर ठिकाणी मर्यादेत ठेवता येतो.

गरी_घेऊन_हिंडणारा

मग धरता कशाला? आमची आजी म्हणाली असती, पोटासाठी धरला तर पाप नाही, खेळासाठी धरला तर आहे. रागावू नका. पण गळ टोचायचा, दमवायचं, फोटो काढायचा आणि 'जा बाळा' म्हणायचं, हे मला झेपत नाही.

शेवाळ

मला वाटलं मीच एकटी आहे असा विचार करणारी.

उंबरकाठी

रागावलो नाही. तुमच्या आजीशी वाद घालायची माझी तयारी नाही. एवढंच सांगतो की या पट्ट्यावर वर्षभरात जितके लोक येतात त्यांनी एकेक मासा नेला तर दोन-तीन हंगामांत नदी रिकामी होईल. दर आठवड्याला टँकरने मासे आणून सोडायचे आणि ते धरायचे, याला मग मी नदी म्हणणार नाही. सोडण्याच्या नियमामुळे इथले मासे इथेच वाढलेले आहेत. माशाला त्रास होतो हे खरं, आणि तो कमी करणं आपल्या हातात असतं. थंडीत तर एक जास्तीची काळजी : हवा शून्याखाली असताना मासा पाण्याबाहेर काढला की कल्ले गोठू शकतात. त्यामुळे जाळीत, पाण्यातच ठेवून गळ काढा. बिनकाट्याचा गळ असेल तर दोन सेकंदांचं काम. हात आधी ओले करा. फोटो नाही काढला तर काही बिघडत नाही.

मुळशीचा_मुक्काम

सह्याद्रीत ट्राउट आणता येईल का हो? महाबळेश्वरला थंडी असतेच.

बंजारची_वाट

नको! पहिलं म्हणजे जगणार नाही. मे महिन्यात सह्याद्रीतल्या ओढ्यांचं पाणी वीस अंशांच्या बरंच वर जातं, आणि कित्येक ओढे कोरडेच पडतात. दुसरं, जगला असता तरी नको. आपला महसीर आहे की. महाडजवळ वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून पिढ्यान् पिढ्या राखलेले आहेत, वाड्याजवळ तिळशाला आहेत. लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटा पॉवरचं महसीर पैदास केंद्र कित्येक वर्षं चालू आहे. पाहुणे कशाला आणायचे?

उंबरकाठी

सहमत. आणि इथलं उदाहरण बघा. साउथ प्लॅटमधला ब्राउन युरोपचा, १८८३ मध्ये जर्मनीहून अंडी अमेरिकेत आली. रेनबो पॅसिफिककडच्या नद्यांचा. इथला मूळचा ग्रीनबॅक कटथ्रोट, १९९४ पासून कोलोरॅडोचा राज्यमासा, १९३०च्या दशकात संपला असं मानलं गेलं होतं. पुढे सापडला म्हणून जल्लोष झाला, आणि २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं की अस्सल ग्रीनबॅक फक्त कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकमध्ये उरला होता. एका ओढ्यात! राज्यभर जपलेले बाकीचे दुसऱ्याच वंशाचे निघाले.

पाहुण्यांबरोबर रोगही येतो. युरोपातून आलेल्या व्हर्लिंग डिसीज नावाच्या परजीवी रोगाने १९९०च्या दशकात इथले रेनबो झोपवले. पिल्लांचा कणा वाकडा होतो आणि ती गोल गोल फिरत राहतात. ब्राउन त्या परजीवीच्याच मुलखातला, त्याला फारसं काही झालं नाही. आजही बूट धुऊन, वाळवूनच दुसऱ्या नदीवर जा असं सांगतात ते अशाच कारणांमुळे.

लाँगमाँटकर

मी इथे जवळच राहते, फ्लाय फिशिंग उन्हाळ्यात थोडं केलंय. धागा वाचून यायची इच्छा झाली. पण मला थंडी फार वाजते, आणि मागे एकदा रॉडच्या कड्यांत बर्फ अडकून दोरीच हलेना. त्याला उपाय? कपडे, बूट?

उंबरकाठी

कड्यांतल्या बर्फाला कायमचा उपाय नाही, त्रास कमी करता येतो. ओठांना लावायचं बाम कड्यांना चोळा, तासभर बरं जातं. बर्फ बोटाने खरवडून काढू नका, टोक मोडतं. रॉड सरळ पाण्यात बुडवा. पाणी ४ अंश, हवा उणे ५, म्हणजे पाणीच गरम! दहा सेकंदांत सुटतो. आणि ओली दोरी सारखी आत-बाहेर ओढली की बर्फ धरतो, म्हणून ठरावीक लांबीची दोरी बाहेर ठेवूनच मारा करा. जवळून मारायचं म्हणतो त्याचं हे दुसरं कारण.

बूट : तळाला नमदा असलेले नकोत. बर्फात चाललं की त्यांना गोळे चिकटतात आणि माणूस खडावा घातल्यासारखा चालतो. रबरी तळ आणि त्यात खिळे. मोजे लोकरीचे, पण दोन जोड कोंबू नका. पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि जास्त गारठतो. एक नंबर मोठे बूट घ्या. वेडरचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा) कमरपट्टा आवळलेलाच हवा, पडलात तर आत पाणी भरू नये म्हणून. गाडीत कपड्यांचा कोरडा जोड. काठाच्या बर्फाच्या कडेवर उभं राहायचं नाही, खाली पाणी असतं आणि ती कधी सुटेल सांगता येत नाही.

एकटं जाऊ नका. कॅन्यनमध्ये फोन लागत नाही.

लाँगमाँटकर

परवाना मी मागच्या एप्रिलमध्ये काढला होता. तो चालेल ना जानेवारीत?

उंबरकाठी

वार्षिक असेल तर चालेल. इथला वार्षिक परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत असतो. सोळा वर्षांखालच्यांना लागत नाही, लेकीला आणायची असेल तर आणा.

लाँगमाँटकर

लेक येईल, नवरा गाडीत बसून राहील. कॅन्यन की डेकर्स?

उंबरकाठी

पहिल्यांदा डेकर्स. कॅन्यनमध्ये गिल ट्रेल या पायवाटेने मैलभर चालत जावं लागतं, सावलीतल्या वळणावर बर्फ घट्ट झालेला असतो, आणि तिथले मासे इतक्या लोकांनी धरून सोडलेत की नवख्याला हात टेकायला लावतात. डेकर्सला रस्ता नदीकाठानेच आहे. २००२ च्या हेमन वणव्यानंतर डोंगरावरची माती वाहून आली आणि काही डोह भरले, पण पुलाच्या वरच्या अंगाला अजून चांगले डोह आहेत. नवरोबांना गाडीतून सगळं दिसेल.

शनिवार-रविवार टाळा. मधला वार, ढगाळ आणि बिनवाऱ्याचा दिवस बघू. थर्मामीटर माझ्याकडे आहे. २० ते २४ नंबरच्या माश्या मी बांधून आणतो, तुम्ही वाचायचा चष्मा आणा. बारीक गळाच्या भोकात ७एक्स ओवताना कामी येतो.

गरी_घेऊन_हिंडणारा

आणि डब्यात काय नेणार ते नाही लिहिलंत. मासा सोडायचा म्हणजे डबा घरूनच.

लाँगमाँटकर

थालीपीठ आणि थर्मासमध्ये सोलकढी नाही, सार. गरम.